दुसऱ्याच्या तळहातावरची चिमूट

मला भेटायला येणारा माणूस आधी माझ्या उजव्या पायाकडे पाहतो, चुकचुकतो, आणि मग बसल्या बसल्या कमरेची चंची सोडून तंबाखू मळायला घेतो. मळून झाली की चिमूट माझ्यापुढे करतो. या पायापायी मला तंबाखू बंद आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी म्हणतो, "घे गा किसनभाऊ, इतकुशानं काय होते?"

इतकुशानंच झालं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्याला वाचून दाखवावं, आणि मेहेरबानी करून वाचताना मध्येच थांबून चंची सोडू नये.

मी बैलांचा दलाल. जऊळक्यापासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव, पण माझा जन्म गेला वाशीमच्या बैलबाजारात. दलालाचा धंदा बोटांचा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर भाव बोलत नाहीत. मध्ये दलाल बसतो, दुपट्टा टाकतो, आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवतालच्या लोकांना काही कळत नाही. सौदा जुळला की दलाल आपल्या चंचीतून तंबाखू काढतो, चुना लावून मळतो आणि तिघांत वाटतो. ती खाल्ली की सौदा पक्का. मग कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही.

आणि आमच्याकडे तंबाखूची एक रीत आहे, ती आधी सांगून ठेवतो. मळणाऱ्यानं पहिली चिमूट समोरच्याला द्यायची. समोरच्यानं ती तोंडात टाकल्याशिवाय आपण टाकायची नाही. या रीतीनं मला जेवढं छळलं, तेवढं आजारानंही छळलं नाही.

पोटरीतला गोळा

सुरुवात चालण्यातून झाली. गावातून शिवाराकडे निघालो की अर्ध्या वाटेवर उजवी पोटरी भरून यायची, जसं कोणी आतून पिळून राहिलं आहे. थांबलं की बरं. पुन्हा चाललं की पुन्हा तेच. मी वाटेवरच्या निंबाखाली बसायचो आणि बसलो म्हणजे अर्थातच तंबाखू मळायचो. तोंडात गेली की जीव थाऱ्यावर यायचा. मला वाटायचं, तंबाखूनं दुखणं थांबलं. दुखणं थांबायचं ते बसल्यामुळे, पण नाव व्हायचं तंबाखूचं. गाडी ओढते बैल आणि कौतुक होते घुंगरांचं, तशातली गत.

मग हाताची बोटं बधिर व्हायला लागली. थंडीत पांढरी पडायची. एकदा बाजारात दुपट्ट्याखाली घेणाऱ्यानं चार बोटं दाबली आणि मला तीन कळली. मी सौदा जुळल्याचं सांगून मोकळा झालो. घेणारा म्हणाला, आपण भाव जास्त सांगितला होता; विकणारा म्हणाला, दलालानं आपल्याला बुडवलं. चारचौघांत माझी शोभा झाली. इतक्या वर्षांत माझ्या बोटांवर कोणी शंका घेतली नव्हती. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

"वारं हाय अंगात," आमचे दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे मोठे भाऊ. बाप लहानपणीच गेला, मला त्यांनीच वाढवलं. घरात त्यांचा शब्द शेवटचा. "तेल लाव, शेक घे, अन् तंबाखू थोडी कडक खात जाय. वारं मरते."

मी तेही केलं.

गरम वीट

पुढे पायाच्या अंगठ्याजवळचं बोट निळसर पडलं. पाय बर्फासारखा गार. आमच्या घरात गार पायाला एकच औषध, शेक. दादांनी स्वतः चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"पोयते का?" त्यांनी विचारलं.

"नाई जी. चांगलं वाटून राह्यलं."

चांगलं वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. पायाला कळतच नव्हतं तर पोळलेलं काय सांगणार? फडकं सोडलं तेव्हा बोटाची कातडी विटेला लागून निघाली. सुभद्रेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तांब्याभर पाणी आणून पायावर ओतलं. दादा विटेकडे पाहत राहिले. ती जखम काही केल्या भरेना. हळद झाली, लोण्याचा लेप झाला, एकानं तर तंबाखूचं ओलं पान बांधायला सांगितलं आणि आम्ही शहाण्यांनी तेही बांधलं. बोट काळं पडत गेलं. दुखणं असं, की पाय खाटेखाली लोंबता सोडून बसलं तरच जरा सुसह्य व्हायचं.

शेवटी सुभद्रेनंच तोंड उघडलं. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, आमच्याकडे बायका बोलत नाहीत. ती दाराआडून म्हणाली, "यायले अकोल्याले न्या. न्याचं नसन तं मी नेतो. मंग कोनी काई म्हना."

दादांनी गाडी जुंपली. वाशीमहून मोटरीनं अकोल्याला गेलो. मोटरीत लोकांनी माझ्या पायाचा वास आला म्हणून खिडक्या उघडल्या. एका भल्या माणसानं मात्र उठून जागा दिली आणि पाय नीट ठेवायला आपलं गाठोडं दिलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

निदान

डॉक्टर नागपूरला शिकलेला, वयानं माझ्याहून लहान, बोलायला तुटक. त्यानं माझ्या पावलावर, घोट्यामागे, गुडघ्यामागे बोटं ठेवली आणि डोळे मिटून बसला. मला वाटलं काही मंत्रबिंत्र म्हणतो की काय. मग म्हणाला, "इथं नाडीच लागत नाही."

पायालाही नाडी असते, हे मला तेव्हा कळलं.

"विडी ओढता?"

"नाही साहेब," मी ताठ होऊन म्हणालो. "धुराची सवय नाही आपल्याला. फक्त खातो."

हे मी अभिमानानं सांगितलं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत. विडी छाती जाळते, खायची तंबाखू मात्र अंगी लागते. दात दुखला तंबाखू, पोट फुगलं तंबाखू, झोप उडवायची तंबाखू.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणाला, "धूर नाही म्हणून काय झालं? तिचा रस तोंडातून रक्तातच जातो. नसा आखडतात, काळीज उगाच पळतं. तुमच्या पायातल्या नसा आतून बुजत चालल्या आहेत. हाताच्याही."

मला आमच्या वावरातला पाट आठवला. पाटात गाळ साचला की विहिरीत कितीही पाणी असो, शेवटचा वाफा वाळतोच. पायाचं बोट म्हणजे तो शेवटचा वाफा.

"हे बोट जाणार," डॉक्टर म्हणाला. "पाय ठेवायचा की नाही ते तुमच्याकडे. आजपासून तंबाखू बंद. कमी नाही, बंद. पुन्हा खाल्लीत तर पुढच्या वेळी मी गुडघ्याखाली कापीन, आणि मग कदाचित बोटंही हाताची."

हाताची बोटं म्हटल्यावर मात्र मी हादरलो. पाय गेला तर गाडीत बसून बाजार करीन. बोटं गेली तर दुपट्ट्याखाली काय घालू?

दादांनी हे सगळं ऐकलं, बाहेर व्हरांड्यात गेले, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं. तंबाखू मळली. आत येऊन पहिली चिमूट माझ्यापुढे केली. "घे बाप्पा. धीर धर."

वॉर्डातले दिवस

बोट कापलं त्याचं मी फार लिहीत नाही. गुंगी उतरल्यावर नसलेलं बोट खाजायचं, एवढं सांगतो. खाजवायला हात न्यावा तर तिथं पट्टी.

बोटापेक्षा तंबाखू सोडणं कठीण गेलं. तोंड कोरडं, डोकं ठणकलेलं, माशी बसली तरी राग. एकदा भाकरी जाड झाली म्हणून मी ताटली भिंतीवर फेकली. सुभद्रेनं ती उचलली, पुसली आणि म्हणाली, "दुसरी फेका. हे चेपली." मला हसू आलं आणि मग रडूही आलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून रोज सकाळी आमच्यासाठीही चहा आणायची. कोण कुठली ती, पण त्या चहासाठी मी पहाटेपासून जागा असायचो. दुपारी नर्सबाई पाय झाकून मला उन्हात बसवायची. अशा गोष्टींवर माणूस दिवस ढकलतो.

आणि मग भेटायला येणारे यायचे. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कसं यावं? केळी महाग, म्हणून पुडी. गावच्या प्रत्येकानं उशाशी तंबाखू ठेवली. सुभद्रा ती गोळा करून संडासात टाकायची. दादांनी तर कमाल केली. घरून आणलेल्या भाकरीच्या चवडीत, दोन भाकरींच्या मध्ये, चपटी पुडी. सुभद्रेनं फडकं सोडलं आणि पुडी खाली पडली.

मी संतापलो. "दादा, माहा पाय कापाचा हाय का तुमाले?"

मी दादांना कधी उलट बोललो नव्हतो. ते खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू तडफडून राह्यला रे. मले पाहवत नाई. कटोऱ्यात पानी असून लेकराले प्याले देऊ नये, असं वाटते मले."

वैऱ्यानं विष दिलं तर थुंकता येतं. माझी माणसं जीव लावून देत होती.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आला. पुडी पाहून त्याचाही पारा चढला. पण तो ओरडला नाही. गळ्यातली नळी काढून त्यानं तिची टोकं माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक दादांच्या छातीवर ठेवलं. "ऐका."

दादांचं काळीज ऐकू आलं. सावकाश चाललेलं, रिकाम्या गाडीच्या बैलासारखं. ज्या छातीवर मी लहानपणी झोपलो त्या छातीत असा आवाज होता, हे मला माहीतच नव्हतं.

"आता खा तंबाखू," डॉक्टर त्यांना म्हणाला. दादा बिचकले, पण साहेबाचा हुकूम. मळली, सवयीनं पहिली चिमूट माझ्यापुढे केली, डॉक्टरनं त्यांचा हात मागे सारला, मग नाइलाजानं स्वतःच तोंडात टाकली. थोडा वेळ गेला. डॉक्टरनं पुन्हा नळी लावली.

काळीज पळत होतं. माणूस खाटेच्या कडेला बसलेला आणि आत बैल चढणीला लागलेले.

"दादा, तुमी आयका," मी नळी काढून त्यांच्याकडे धरली.

"मले नाई आयकाचं," दादा म्हणाले आणि पिचकारी टाकायला बाहेर गेले.

बाजार

घरी आलो. सुभद्रेनं जुन्या गोधडीचा मोजा शिवला. रोज सकाळ-संध्याकाळ ती माझी दोन्ही पावलं हातात घ्यायची, कारण माझ्या बोटांना गार-गरम नीट कळत नव्हतं. "आज कोमट हाय," ती म्हणायची, किंवा "आज जरा उतरला." तिच्या हाताला एवढं कळायला लागलं की पुढे एकदा आम्ही तपासणीला गेल्यावर डॉक्टरही चकित झाला. जखम भरली. पोटरीतला गोळा कमी झाला. चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं करत निंबापर्यंत, मग निंबाच्या पुढे जाता आलं. हाताच्या बोटांतही थोडा जीव आला. तंबाखू सोडली म्हणून आला, यात मला शंका नाही.

मग बाजारात गेलो आणि डोक्याला हात लावायची पाळी आली.

कामरगावकडचा एक शेतकरी खोंडांची जोडी घेऊन आला होता. दुपट्टा टाकला, बोटं नीट कळली, सौदा जुळला. मी तंबाखू मळली, दोघांना दिली आणि हात झटकले. दोघं चिमूट हातात धरून माझ्याकडे पाहत बसले.

"तुमी नाई घेत?"

"मले बंद हाय."

"काहून?"

मी पायाची कथा सांगितली. घेणाऱ्यानं ऐकून घेतलं आणि खोंडांभोवती पुन्हा एक चक्कर मारली. दात पाहिले, खूर पाहिले. "दलालच सौद्याची तंबाखू खात नाई म्हंजे जनावरात काईतरी हाय," असं म्हणून त्यानं चिमूट माझ्या दुपट्ट्यावर झाडली आणि निघून गेला. विकणारा माझ्यावर भडकला. म्हणे, "एवढा पायाचा कळवळा होता तं घरी बसाचं होतं."

एकानं सल्ला दिला, "तोंडात ठेव अन् मांगून थुकून दे." दुसरा म्हणाला, "नुस्ती ओठाले लाव." या सल्ल्यांनी माझा जीव विटला. अरे, रस रक्तात जातो! कोणाला सांगू? मी तंबाखूच्या जागी बडीशेप वाटून पाहिली. लोक हसले. गूळ वाटला, तर म्हणाले बारसं आहे का. दुपट्टा माझाच, बोटं माझीच, पण सौदे हळूहळू दुसऱ्या दलालाकडे गेले. ज्या बोटांसाठी तंबाखू सोडली, ती बोटं वाचली आणि बेकार झाली.

घरी आलो की दादा रोज संध्याकाळी ओट्यावर मळायला बसायचे. पहिली चिमूट माझ्याकडे. मी नाही म्हणायचो. मग ते हात तसाच धरून बसायचे, कारण रीत. "घे ना. माही राह्यली ना तुह्यापायी." शेवटी चिडून मी उठून आत जायचो, तेव्हा ते खायचे. रोज. पाऊसपाणी सुरू झालं तरी हेच.

पोळ्याचा दिवस

पोळ्याला मी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला. दादा वावरातल्या गोठ्यातून झूल आणायला गेले होते, ते बराच वेळ आले नाहीत. मी पाहायला गेलो तर निंबाखाली बसलेले. उजव्या हातानं पोटरी चोळत होते.

"काय झालं?"

"काई नाई. गोया आला पायात. वारं हाय." आणि मला पाहून त्यांनी चंची सोडली.

जिथं मी बसायचो तिथंच, त्याच मुळावर ते बसले होते.

संध्याकाळी तोरणाखालून बैल घरी आले, पूजा झाली. मग लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. भासऱ्याला हात लावायची आमच्यात रीत नाही, पण सणाला पायावर हात ठेवलेला चालतो. सुभद्रा डोक्यावर पदर घेऊन वाकली. दोन्ही हात दादांच्या पावलांवर ठेवले.

आणि उठेचना.

दादा अवघडले. "सुखी राय माय," ते दोनदा म्हणाले. ती तशीच वाकलेली. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या हाताखाली एक पाऊल, उजव्या हाताखाली दुसरं. तिनं उजवा हात हळूच दाबला. बाजारात कोणी दुपट्ट्याखाली दाबतं तसा. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या हातातून भाव वाचला. तिचा वाचायला वेळ लागला नाही.

ती आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे ती नुसती उभी होती.

मी दादांशेजारी ओट्यावर बसलो. म्हटलं, "दादा, उद्या अकोल्याले जाऊ."

"तुहा पाय दुखते का?"

"तुमचा."

"हट्. मले काय धाड भरली?" असं म्हणून त्यांनी तंबाखू काढली, चुना लावला, अंगठ्यानं चांगली मळली, थापटून धूळ उडवली. मला त्या नळीतला आवाज आठवत होता. चढणीला लागलेले बैल. समजावून काय होणार होतं? इतके महिने मी अख्ख्या पंचक्रोशीला समजावलं, एकानंही तंबाखू सोडली नव्हती.

त्यांनी रोजच्यासारखा तळहात माझ्यापुढे केला. पहिली चिमूट धाकट्याला.

मी घेतली.

दादांचा चेहरा खुलला. कित्येक महिन्यांनी धाकट्या भावानं त्यांच्या हातची घेतली होती. मी चिमूट तळहातावर ठेवली, मूठ मिटली आणि मूठ मांडीवर ठेवली.

त्यांच्या हातात त्यांचा वाटा तसाच होता. समोरच्यानं खाल्ल्याशिवाय आपण खायची नाही.

"खा ना बाप्पा," दादा म्हणाले.

"खातो," मी म्हणालो. "घाई काय हाय?"

ते माझ्या मुठीकडे पाहत बसले. मी बैलांकडे पाहत बसलो. मला उठून आत जायचं नव्हतं.